विम्याचं माप घेणारे गृहस्थ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. घरात त्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. बाहेर कोणी काढला तर "भला माणूस होता" एवढं म्हणून बोलणं कापसाच्या भावाकडे वळवायचो. भला माणूस होता असं म्हणणं सोपं असतं, कारण त्या भल्या माणसाचं आपण काय केलं ते मग सांगावं लागत नाही. आता मला बहात्तरावं चालू आहे. ज्या माणसांसमोर हे सांगायला हवं होतं, त्यांतली अर्धी गेली. जी उरली त्यांच्यासाठी लिहितो.

ते विमा एजंट होते. आदिलाबादेत सगळे त्यांना मापवाले म्हणत. त्यांचे वडील शिंपी, आणि त्यांनी स्वतःही बरीच वर्षं जुन्या बाजारात शिलाईचं दुकान चालवलं. तयार कपडे आले, गिऱ्हाईक आटलं, तसं त्यांनी मशीन विकून विम्याची एजन्सी घेतली. पण गळ्यातली टेप काही गेली नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली धोतर, गळ्यात पिवळी टेप आणि हातात कापडी पिशवी अशा थाटात ते मोपेडवरून उतरायचे. आणि ओट्यावर टेकायच्या आधीच म्हणायचे, "माप घ्याले आलो."

त्यांचं म्हणणं साधं होतं. विमा म्हणजे अंगरखा. शिवला तेव्हा जे अंग होतं ते आज नसतं. मी शाळामास्तर, मला म्हणायचे, "वीस वर्षांखाली शिवला, मास्तर. तवा एकटे होते. मंग लगन झालं, लेकरं झाले, घरावर कर्ज काढलं. अंग वाढलं का नाही? मंग अंगरखा तोच कसा पुरीन?" हेच ते प्रत्येक घरी म्हणत. पन्नास वेळा ऐकलेला माणूसही शेवटी कंटाळून पेटीतून पॉलिसी काढून आणायचा.

कागद हातात आला की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. आमच्याकडची गंमत अशी की पॉलिसी इंग्रजीत असते, ऑफिसची पत्रं तेलुगूत येतात आणि घरात सगळे बोलतात मराठी. त्यामुळे आपण नेमकं काय विकत घेतलं हे कोणालाच धड ठाऊक नसतं. ते एकेक ओळ आपल्या भाषेत वाचून दाखवायचे. वारसाच्या नावापाशी आले की तिथे बोट टेकवायचे आणि घरधन्याला म्हणायचे, "डोळ्यानं पाहा आन् तोंडानं बोला." बोलल्याशिवाय बोट उचलायचे नाहीत. एकदा आमच्या गल्लीतल्या एका कंत्राटदाराने तिथलं नाव मोठ्याने वाचलं आणि कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. नाव त्याच्या वडिलांचं होतं. ते जाऊन सात वर्षं झाली होती.

"बाबाले वरून बोलवा लागन पैसे घ्याले," मापवाले म्हणाले, आणि पिशवीतून फॉर्म काढला.

विम्याचं माप केव्हा घ्यायचं याचे त्यांचे नियम ठरलेले होते. नोकरी लागली की, लग्न झालं की, मूल झालं की, घर बांधायला कर्ज काढलं की. कागदावर ज्याचं नाव आहे तो माणूस गेला की. मुलं कमावती झाली की, आणि आपली नोकरी सुटली की. यातलं काहीच झालं नाही तरी वर्षातून एकदा, आणि तो एक दिवस म्हणजे संक्रांतीची कर, संक्रांतीचा दुसरा दिवस. करीच्या दिवशी आमच्याकडे कोणी नवं काम काढत नाही, कोणी प्रवासाला निघत नाही. माणसं घरी सापडायची. "नवं काई करू नोका म्हणते ना? मी कुठी नवं करून राह्यलो? मी त जुनंच पाहतो," असं म्हणत ते हातात तिळगूळ ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने कागद मागायचे.

लग्नं आणि बारशी मात्र करीची वाट बघत नाहीत. तिथे ते आपले आपण जायचे, बोलावणं असो वा नसो. बारशाला जाताना स्वतः शिवलेलं झबलं न्यायचे. झबल्याची शिलाई इतकी सुबक असायची की बायका ते उलटंपालटं करून बघत. मग पाळणा हलवून झाला की ते बाळाच्या बापाला बाजूला घेऊन बसत. माझ्या बायकोला याचा फार राग. माझ्या धाकट्या मुलाच्या बारशात तिने त्यांना तोंडावर सुनावलं होतं.

"बारशाले आले आन् मरणाचं विचारून राह्यले तुमी. काही वेळ-काळ?"

"वहिनी, मरणाचं नाही विचारत जी. पाळणा नवा आला, कागद जुना हाय. तेवढंच पाहतो." आणि जराही न रागावता त्यांनी तिच्या हातचा शिरा दोनदा मागून घेतला.

एजंट म्हणून ते अगदीच वाईट होते. एका अडत्याला त्यांनी समोर बसवून सांगितलं, "तुमचे दोनी पोरं कमावते झाले, पोरीचं लगन झालं, कर्ज फिटलं. आता येवढा मोठा इमा काऊन भरून राह्यले? मुदत भरली का हा सोडून द्या. त्यापेक्षा दवाखान्याचा घ्या, वय झालं आता." दवाखान्याचा विमा त्यांच्याकडे नव्हता. तो विकणारा दुसराच माणूस होता, त्याचा पत्ता यांनीच लिहून दिला. त्यांची बायको आमच्याकडे येऊन हसत हसत रडगाणं सांगायची, "लोकायचे घरवाले इमा इकते, आमचे वापस करून राह्यले." शाखेतला तेलुगू साहेब दर महिन्याला विचारायचा, "एमंडी, टार्गेट एक्कड?" काय हो, टार्गेट कुठे? हे आपल्या मोडक्या तेलुगूत म्हणायचे, "वस्तदी सार, वस्तदी." येईल साहेब, येईल. ते टार्गेट काही कधी आलं नाही.

आणि एक नियम त्यांनी सगळ्यांत कडक पाळला. फॉर्म भरून झाला की तो घरात ठेवायचा नाही. सही झाली की कागद पिशवीत, पिशवी मोपेडला, आणि मोपेड थेट ऑफिसात. पोच घेऊनच घरी. "कागद घरात राह्यला का झोपते," असं ते म्हणायचे. हा नियम त्यांनी एकदाच मोडला. माझ्यासाठी.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मंचेरियलला एका खासगी शाळेत गणित शिकवायचा. पहिल्या पगारावर त्याने मापवाल्यांकडूनच विमा काढला होता आणि वारस म्हणून आमच्या आईचं नाव लावलं होतं, कारण तेव्हा त्याला दुसरं कोणी नव्हतं. लग्न त्याने फार उशिरा केलं, चाळिशी ओलांडल्यावर. मुलगी बेज्जूरकडची. तिचे वडील जंगल खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, तापट. लग्नात मापवाल्यांनी नवरदेवाला गाठलंच. भाऊ म्हणाला, "दादाले इचारून करतो." आमच्या घरात कागद म्हटला की तो माझ्याकडे. पॉलिसी, जमिनीची पासबुकं, दाखले, सगळं माझ्या पेटीत.

वर्षभराने त्याला मुलगी झाली. मापवाले झबलं घेऊन आले आणि बरोबर फॉर्म भरूनच आणला. आईच्या जागी भावजयीचं नाव. भाऊ एका रविवारी आदिलाबादला आला होता, त्याने सही केली. आईच पुढे होऊन म्हणाली, "माह्यं नाव काढा बाप्पा. मी किती दिवसाची? पोट्टीच्या मायचं लावा." आता फक्त साक्षीदाराची सही राहिली होती, ती मी करायची होती.

ते दिवस पितृपक्षाचे होते. मी म्हटलं, "पितरांचे दिवस चालू हाय. मरणाच्या कागदावर मी आता सही नाही करत. ठेवून जा, दसऱ्याले करतो."

ते दारात उभे राहिले. बराच वेळ. टेपचं एक टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं, असं चाललं होतं. "मास्तर, मी त्या दिवशी येतो ना. तवा करा सही. कागद मी नेतो."

"काऊन? आमच्या घरातून पळून जाईन का तो?"

त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती. तिला दहावीला मी घरी बसवून शिकवलं होतं, फुकट. ते तेच मनात आणत असावेत. शेवटी म्हणाले, "तुमी हाय म्हणून ठेवतो." आणि मोपेड चालू न करताच कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांबरोबर कागदांचीही पूजा होते. विळा, कोयता, माझी पेनं, पासबुकं, पॉलिसी असं सगळं पाटावर मांडतात. मी फॉर्मवर साक्षीदाराची सही केली आणि तोही मांडला. हळदीकुंकू वाहिलं, आईने अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून आल्यावर बायकोने पाटावरचं सगळं लाल फडक्यात बांधलं आणि पेटीत ठेवलं. फॉर्मसकट. मला आठवण होती. पण आमच्या घरात देवापाशी ठेवलेली गोष्ट मार्गी लागली अशी एक भावना असते. ती माझ्याही अंगात होती, पस्तीस वर्षं शाळेत शिकवूनसुद्धा. उद्या काढू, परवा काढू, असं म्हणत दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या.

मापवाले आले तेव्हा मी वह्या तपासत होतो. "झाली का सही?"

मी मान वर केली नाही. "झालं ते. शाळेतून येताना ऑफिसात टाकून आलो."

"पोच देल्ली का त्याईनं?"

"मास्तरचा भरोसा नाही का तुमाले?"

ते ओशाळले. दोन्ही हात जोडले आणि, "तसं नाही जी, तसं नाही," म्हणत उठले. मी खोटं का बोललो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मोठं कारण काही नव्हतं. विचारायला परत आले याचा राग होता, आणि आळस. दुसऱ्या दिवशी खरंच टाकून येऊ, मग खोटं खरं होईल, असा हिशेब होता. पुढे एकदा त्यांनी बदलाचं पत्र आलं का विचारलं. ते मंचेरियलच्या पत्त्यावर गेलं असेल असं मी सांगितलं. करीला ते आले, माझी पॉलिसी पाहिली, बायकोची पाहिली. भावाची काढायला मी उठलो तर म्हणाले, "राहू द्या. ते तुमी केलंच हाय." जन्मभर डोळ्याने पाहिल्याशिवाय न हललेल्या माणसाने फक्त माझा कागद पाहिला नाही. आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या उन्हाळ्यात भाऊ गेला. शाळेतून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. मुलगी अजून रांगत होती.

पाचव्या दिवशी मी पॉलिसीसाठी पेटी उघडली. लाल फडकं सोडलं तर फॉर्म सगळ्यांत वर होता. भावाची सही, खाली माझी सही, आणि त्यावर हळदीची बोटं. मी तिथेच पेटीच्या कडेला बसून राहिलो. तोपर्यंत मी फक्त गाफील होतो. गाफील माणसाला कोणीतरी माफ करतं. मी त्या कागदाची घडी घातली, फडक्याच्या तळाशी ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं.

तेरवीला जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी बैठकीत बसली होती. वीस-पंचवीस माणसं असतील. मापवाले दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसले होते. भावजयीचे वडील आधीच ऑफिसात जाऊन आले होते, ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ मापवाल्यांना विचारलं.

"जावयानं पोरीले सांगतलं होतं, सही केली म्हणून. ऑफिसात त बुढीचंच नाव हाय. फारम गेला कुठी?"

मापवाले गोंधळले. "गेला ना जी. मास्तर सोता..." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांनी पाहिलं. आतल्या दाराच्या आड बायका उभ्या होत्या, त्यांत भावजय होती. मला वाटतं तेवढा एक श्वास मला मिळाला होता. कुलपाची किल्ली माझ्या जानव्याला होती. मी उठून पेटी उघडायची होती, एवढंच.

मी म्हटलं, "आमी सही करून यांच्या हातात देल्ला. पुढचं यांनाच ठाऊक."

त्यांचं तोंड मला अजून दिसतं. राग नव्हता त्यावर. आधी त्यांना काही कळेना, आणि मग हळूहळू सगळं कळलं. मी वाट बघत होतो की ते आता सांगतील. पितृपक्ष, दारात उभं राहणं, सगळं. ते सांगते तर निम्मी माणसं त्यांच्याच बाजूने झाली असती. त्यांचा नियम गावाला ठाऊक होता. त्यांनी माझ्या आईच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि खाली बघत म्हणाले, "असीन. माह्याकडूनच राह्यला असीन."

"राह्यला असीन?" भावजयीचे वडील उठून उभे राहिले. "लोकायच्या बारशात जाऊन शिरा खाता, आन् येवढा एक कागद नाही सांभाळता येत? काढा ती टेप गळ्यातली."

त्यांनी खरंच काढली. गुंडाळी केली, पिशवीत टाकली. पायात चप्पल अडकवताना ती दोनदा उलटी पडली, पण कोणी हात दिला नाही. मीही दिला नाही.

त्यानंतर गावाने त्यांना बरीच वर्षं दारात उभं केलं नाही. विधवेच्या तोंडचा घास यांच्यामुळे गेला, असं लोक म्हणत. करीला ते आले की दारं लोटली जायची. तलमडुगूकडच्या खेड्यांत काही जुने लोक त्यांना धरून राहिले, तेवढ्यावर एजन्सी कशीबशी टिकली. आणि विम्याचे पैसे कागदाप्रमाणे आईच्या खात्यात जमा झाले. भावजय मुलीला घेऊन बेज्जूरकडे माहेरी गेली. यात माझा लोभ नव्हता असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. ती तरुण आहे, उद्या दुसरं घर करील, पैसे घरातले घरात राहिलेले बरे, असा विचार माझ्या मनात तेरवीच्या आधी आला की नंतर, हे मला आज नक्की सांगता येत नाही. आला होता, हे खरं.

पुढच्या करीला ते आमच्याकडेही आले. मी ओट्यावर होतो. माझ्याशी नेहमीसारखंच, "बरं हाय ना मास्तर?" एवढं बोलले आणि विचारलं, "माय हाय का?" आत जाऊन आईच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. मला वाटलं, आता सांगतील. मी ओट्यावर बसून कान लावले, पण ते दोघं इतक्या हळू बोलत होते की काही ऐकू आलं नाही. आठवड्याने आई म्हणाली, मला मापवाल्यासंगं बँकेत जायचं हाय, ऑटो बोलव. काय काम विचारलं तर म्हणाली, "माह्यं काम." मी ऑटो बोलावला.

ते काम काय होतं हे मला आई अंथरुणाला खिळली तेव्हा कळलं. सगळी रक्कम तिने ठेवीत टाकली होती, नातीच्या नावाने, आणि पालक म्हणून भावजयीचं नाव. दर महिन्याचं व्याज बेज्जूरला जात होतं.

"त्यानं सांगतलं तुले असं करायले?" मी विचारलं.

"त्यानं काई नाही सांगतलं. त्यानं विचारलं फक्त. म्हणे, माय, पैसे तुमच्या नावावर आले, हे नवं झालं तुमच्याकडं. आता तुमच्यामागं कोण, ते तोंडानं बोला. मी बोलली." तिला दम लागत होता. "फारम कुठी हाय रे?"

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिलो.

"दसऱ्याले माह्याच हातानं अक्षदा टाकल्या त्याच्यावर. मी का आंधळी हाय? त्या दिवशी बोलली नाही, कारण एक पोरगा गेला होता, दुसरा मले पाडायचा नव्हता लोकायत. पन तो मापवाला आपल्या घरचा कोणी नव्हता, तरी तोबी तेच करून गेला. तू जा त्याच्यापाशी. सगळ्यायसमोर नको जाऊ, एकटा जा. पन जा."

जातो म्हटलं. आई त्यानंतर दोन महिन्यांनी गेली.

मग मी काय केलं? वाट पाहिली. आधी आईचं वर्ष होऊ दे म्हटलं. मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन. मग त्यांची बायको वारली, अशा वेळी कुठे जायचं. त्या मयतीला मी गेलो होतो, गर्दीत मागे उभा होतो. पुढे ते आदिलाबाद सोडून मंचेरियलला मुलीकडे गेल्याचं कळलं, आणि मला थोडं हलकं वाटलं हेही लिहून टाकतो.

गेल्या हिवाळ्यात मात्र गेलो. आदिलाबादहून मंचेरियलची बस उटनूरच्या जंगलातून जाते, चार-पाच तास लागतात. तेवढा वेळ मी दोन वाक्यं तयार करत होतो. कागद माझ्यापाशी होता. मी तुम्हाला खोटं पाडलं. शाळेत भाषणाची तयारी करणाऱ्या मुलाला मी सांगायचो, वाक्य लहान ठेव म्हणजे अडखळणार नाहीस. ही त्याहून लहान होत नव्हती.

मुलीने दार उघडलं, वाकून पाया पडली. "सर, बाबा किती खूश होतीन." ते खिडकीपाशी खुर्चीत शाल घेऊन बसले होते. फार वाळले होते, पण नजर तीच. मला पाहून उठायला लागले, मी खांदे धरून बसवलं.

"मास्तर. येनार म्हणून सांगाचं तरी. जेवाले थांबा आता."

चहा आला. मुलगी आत गेली. आता बोलायचं म्हणून मी कप खाली ठेवला, तेवढ्यात तेच म्हणाले, "रिटायर होऊन किती वर्षं झाले तुमाले?"

"चौदा."

"दवाखान्याचा इमा हाय का?"

"हाय."

"पाहून सांगून राह्यले का असाच?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मी खिशातल्या मोबाइलवर मुलाने टाकून दिलेला कागद काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि बोटाने सरकवत सगळा वाचला, निदान वीस मिनिटं तरी लागली. "पोराच्या नोकरीतून हाय हा. त्यानं नोकरी बदलली का तुमी उघडे. वहिनीचं वय पाहा, गुडघे पाहा. तुमच्या दोघायचा अलग घ्या. या महिन्यातच." त्यांनी मुलीला हाक मारून चिठ्ठी मागवली आणि काय विचारायचं ते थरथरत्या अक्षरात लिहून दिलं. मधुमेह लपवू नका, हे दोनदा लिहिलं.

ज्याचं नाव मी गावातून पुसलं तो माणूस माझ्या म्हातारपणाची काळजी करत बसला होता, आणि माझी दोन वाक्यं अजून बोलायची होती. एकदा मी म्हटलंसुद्धा, "तुमच्याशी एक बोलायचं होतं." त्यांनी चष्मा काढला. हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली. वाट बघितली. त्यांनी मला घाई केली नाही, विषय काढून दिला नाही, टाळूही दिला नाही. मंचेरियलच्या रस्त्यावरून कोळशाचा एक ट्रक गेला, मग दुसरा.

मी म्हटलं, "इकडं धूळ लय हाय."

"हाय," ते म्हणाले. "कोळसा हाय ना."

जेवण झालं, ज्वारीची भाकरी आणि आंबाडी. निघताना ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. "मास्तर, या अजून. सवडीनं या." मी पुढच्या महिन्यात येतो म्हटलं. त्यांनी सांगितलं तसा विमा मी खरंच घेतला. तेवढं सांगायला तरी जाऊ, आणि मग तेही बोलू, असं ठरवलं होतं.

तो फॉर्म अजून माझ्या पेटीत आहे. हे लिहून झालं की फॉर्म आणि हे लिखाण भावजयीकडे पाठवणार आहे. तिच्या वडिलांनी मापवाल्यांना शेवटपर्यंत दोष दिला आणि तसेच ते गेले. पुतणी आता तिथे शाळेत जाते. आपल्या बापाचा कागद कोणी हरवला हे तिला खरं कळायला हवं. आणि ज्या माणसाने तो हरवला नव्हता, त्याचं नावही कळायला हवं. मी इथे लिहीत नसलो तरी तिला सांगेन.

फोन आला तो उन्हाळ्याच्या तोंडी, सकाळी. त्यांची मुलगी होती. बाबा परवा गेले म्हणाली, झोपेतच. मला कळवायचं राहिलं म्हणून तिने माफी मागितली. हो, तिने.

मग म्हणाली, "सर, एक विचारू का? तुमी येऊन गेल्यापासून बाबा अधूनमधून म्हणायचे, मास्तर काई सांगाले आले होते, सांगून नाही राह्यले. मी म्हणलं फोन लावून देतो. तर म्हणे, नको, त्याईले तरास होईन. काय होतं सर?"

"काही नाही, बेटा," मी म्हणालो. "सहजच आलो होतो."